अपुऱ्या दिवसांचे मूल आणि अपुरा हक्क

(सोलापूर येथे नवी पेठेत भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या अभ्यासवर्गासाठी हा विषय ठरला तेव्हा एक-दोन साथींनी मला दबक्या आवाजात विचारले, की बाळंतपणाचा विषय पक्षाच्या व्यासपीठावर कशाला? तो दवाखान्याचा विषय आहे, फार तर महिला आघाडीचा. या शंकेचे उत्तर मी भाषणाच्या शेवटी देणार नाही. ते भाषणभर देणार आहे. ज्या प्रश्नाने आपल्या देशात दरवर्षी लाखो मुलांचे आयुष्य सुरू होण्यापूर्वीच डळमळीत होते, तो प्रश्न कष्टकऱ्यांच्या पक्षाचा नसेल, तर मग आपला प्रश्न कोणता?

आपल्या घराघरांतून एक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, असे म्हातारी माणसे ठामपणे सांगतात. ही समजूत चुकीची आहे. मातेच्या उदरात मिळालेला प्रत्येक आठवडा मुलाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि आतड्यांना बळ देतो. आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्या मुलापेक्षा केव्हाही अधिक सुरक्षित असते. पण या समजुतीचा परिणाम असा होतो, की आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर घरातली माणसे आधीच आशा सोडतात आणि रुग्णालय गाठण्याची घाई करीत नाहीत. म्हणजे अज्ञान केवळ अज्ञान राहत नाही. ते मृत्यूचे कारण बनते.

वैद्यकशास्त्र सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या जन्माला मुदतपूर्व जन्म म्हणते. बत्तीस ते सदतीस आठवड्यांतली मुले बहुधा योग्य काळजीने वाचतात. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांतली मुले फार नाजूक असतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यापूर्वीची त्याहून नाजूक. येथे आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. कमी वजनाचे मूल आणि अपुऱ्या दिवसांचे मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण दिवसांचे मूलही आईच्या कुपोषणामुळे हडकुळे जन्मू शकते. परंतु आपल्याकडे पाळी चुकल्याची तारीख कोणी नोंदवून ठेवत नाही, पहिली तपासणी पाचव्या-सहाव्या महिन्यात होते, आणि मग मूल लवकर आले की ते नुसतेच अशक्त आहे, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. कामगार चळवळीला हजेरीपटाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पाळीची तारीख हा या लढ्यातला पहिला हजेरीपट आहे.

आता प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले मुदतीपूर्वी जन्मली. म्हणजे दर दहांत एक. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली. दुसऱ्या कोणत्याही देशात एवढी मुले मुदतीपूर्वी जन्मली नाहीत. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत मुदतपूर्व जन्माचे दुष्परिणाम हे आज जगात पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. जी वाचतात त्यांतल्या काहींच्या वाट्याला दृष्टिदोष, बहिरेपणा किंवा मेंदूचा अधूपणा येतो, आणि त्याचा सारा भार पुन्हा त्या एका आईवरच पडतो.

हे का घडते? येथे मी प्रथमच एक इशारा देऊन ठेवतो. सर्व दुःखांचे खापर एका वाक्यात भांडवलशाहीवर फोडण्याची सवय आपल्याला आहे. ती या विषयात उपयोगी पडणार नाही. अनेक वेळा, सर्व तपासण्या करूनही, डॉक्टरांना मुदतपूर्व प्रसूतीचे निश्चित कारण सापडत नाही. सुखवस्तू घरांतही अशी मुले जन्मतात. जुळे असेल, गर्भाशयाचे मुख आखूड असेल, किंवा पूर्वीचे बाळंतपण लवकर झालेले असेल, तर धोका वाढतो. आणि यांतले शेवटचे कारण तर सर्वांत बलवान मानले जाते. यात कोणाचा दोष नसतो. म्हणून लवकर बाळंत झालेल्या बाईला “तूच काही जड उचलले असशील” असे म्हणणारी जीभ आधी आवरली पाहिजे.

कारणांचा दुसरा गट आजारांचा आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, लघवीच्या मार्गातला आणि योनिमार्गातला जंतुसंसर्ग हे ते आजार. आपल्या बायका लघवीची जळजळ झाली की “उन्हाळी लागली” म्हणतात आणि धन्याचे पाणी पिऊन गप्प बसतात. पण गरोदरपणात ही उन्हाळी मूत्रपिंडापर्यंत पोहोचली तर कळा अवेळी सुरू होऊ शकतात. लघवीची साधी तपासणी आणि थोड्या दिवसांचे औषध एवढ्याने पुष्कळदा हा धोका टळतो. रक्तक्षयाचे तर विचारूच नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. सहकाराचा, साखरेचा आणि समाजसुधारकांचा वारसा सांगणाऱ्या राज्यातली ही स्थिती आहे.

तिसरा गट आहे राहणीचा आणि श्रमाचा, आणि आपले खरे काम येथे आहे. कोवळ्या वयातले बाळंतपण, दोन बाळंतपणांतले अपुरे अंतर, अर्धपोटी राहणे, तंबाखू, दिवसभर उभ्याने काम, ओझी, रात्रपाळी, घरातली मारहाण, चुलीचा धूर आणि उन्हाचा तडाखा ही ती यादी. वैद्यकीय ग्रंथांत या साऱ्यांची नोंद मातेशी निगडित जोखमीचे घटक या नावाखाली होते. शब्द शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण तो ऐकताना असे वाटते, की हे घटक जणू मातेने स्वतःच्या पदरात बांधून आणले. सोळाव्या वर्षी लग्न तिने ठरविले काय? पत्र्याचे छत तिने निवडले काय? याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. जोखीम तिच्या शरीरात दिसते, पण ती तिच्या शरीरात तयार झालेली नसते.

आता आपल्या सोलापूरकडे या. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे उच्चारली की या शहरातल्या वृद्ध कामगारांच्या डोळ्यांपुढे भोंग्यांवर चालणारे एक शहर उभे राहते. त्या गिरण्या बंद पडल्या. पुरुष यंत्रमागावर गेले, आणि पूर्व भागातल्या घराघरांतून बाईच्या मांडीवर विडीचे सूप आले. आज या शहरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. मिलमध्ये निदान भोंगा होता. भोंगा झाला की काम थांबत असे. घरातल्या सुपाला भोंगा नाही. पान भिजविणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे हे काम स्वयंपाक आणि मुले सांभाळून पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कष्ट फुकट जातात. जिला दिवसाच्या हजार विड्या भरावयाच्या आहेत, ती डॉक्टरकडे जाण्यासाठी अर्धा दिवस कोठून काढणार?

त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मशेरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. त्यांच्यात मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे दीडपट होती, आणि बत्तीस आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीची तर जवळजवळ पाचपट. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. यंत्रणा एवढी सरळ आहे. दात घासण्याच्या निमित्ताने लागलेली मशेरी ही आपल्याकडे व्यसन मानलीच जात नाही, म्हणून डॉक्टरने विचारले तरी बाई “मला कसले व्यसन नाही” असेच उत्तर देते.

पण जी मशेरी लावत नाही आणि विडीही ओढत नाही, तिचे काय? मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतील कामगारांची तपासणी केली तेव्हा, केवळ तंबाखू हाताळणाऱ्यांच्या लघवीतही निकोटीनपासून बनणारा कोटिनिन हा पदार्थ वाढलेला आढळला. म्हणजे तंबाखू हातांतून आणि श्वासातून शरीरात शिरते. हे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवले, की सोलापूरच्या गरोदर विडी कामगार स्त्रीविषयीचा प्रश्न आपोआप उभा राहतो. आपली पहिली मागणी हीच असली पाहिजे, की या शहरात होणाऱ्या प्रत्येक बाळंतपणाच्या नोंदीत आईचा व्यवसाय आणि गर्भाचे पूर्ण आठवडे लिहिले जावेत, आणि त्यावरून विडी कामगार स्त्रियांची स्वतंत्र पाहणी शासनाने करावी. ज्याची मोजदाद होत नाही त्याची भरपाईही होत नाही.

उन्हाची गोष्ट तुम्हांला मी काय सांगावी? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, आणि पत्र्याखाली तो किती होतो हे तेथे राहणारालाच ठाऊक. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढले की मुदतपूर्व जन्माची शक्यता सरासरी पाच टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत सोळा टक्क्यांनी, असे त्यात दिसले. पत्र्याऐवजी पक्के छत हा घराच्या शोभेचा प्रश्न नव्हे. तो आरोग्याचा प्रश्न आहे.

ही सभा ज्या पेठेत भरली आहे, तिचाही विचार करा. नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानांतून आपल्या घरच्या मुली दिवसभर उभ्याने साड्या उलगडून दाखवितात. दीर्घकाळ उभे राहण्याने धोका थोडाच वाढतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण वाढतो. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. एका स्टुलासाठी कायदा करावा लागतो हे लाजिरवाणे खरे, पण तो झाल्याशिवाय स्टूल येत नाही हेही तितकेच खरे.

आणि शहराबाहेर पडलात तर ऊसतोडीचे फड आहेत. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर असते, आणि एक दिवस काम चुकले की खाड्याचे पैसे कापले जातात. अशा बाईला सातवा महिना असो वा नववा, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. तिचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत, आणि ती स्वतः दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. त्यामुळे तपासणी ना येथे होते ना तेथे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. ज्या व्यवस्थेत गर्भाशय हीच कामातली अडचण ठरते, तेथे गर्भाच्या सुरक्षिततेची चर्चा कोठून सुरू करावी?

आता कायद्याकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानाचा आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर शासनाने उचलला पाहिजे, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवितो त्यालाही यातून सुटका नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला; देशातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा. पुढे अनुभव असा आला, की सारा खर्च एकट्या मालकावर पडला की तो बायकांना कामावर घेण्याचेच टाळतो. म्हणून सर्वांच्या वर्गणीतून आणि शासनाच्या तिजोरीतून हा खर्च भागविणे हाच न्याय्य मार्ग आहे. बाबासाहेबांचे म्हणणे शंभर वर्षांनंतरही आपल्या पुढेच चालते आहे.

१९६१ साली देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा आला, आणि २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या ३७ व्या कलमाने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही मातृत्व लाभाचा हक्क दिला. पण मित्रहो, त्या कलमाचा शेवट वाचा. घरी काम करणाऱ्या बाईपुरती मातृत्व लाभ कायद्यातली दोन कलमे वगळली होती. त्यांतले एक वैद्यकीय बोनसचे. दुसरे कलम १०: गरोदरपण, बाळंतपण, मुदतपूर्व प्रसूती किंवा गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा देणारे. म्हणजे जिचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते, जिला त्या मुलाला छातीशी धरून दिवस काढावयाचे असतात, तिला नेमक्या त्याच प्रसंगी कायद्याने दाराबाहेर ठेवले. कारखान्यातल्या बाईचे मूल लवकर जन्मले तर रजा. घरातल्या बाईचे जन्मले तर विडीचे सूप. पन्नासहून अधिक वर्षे हा भेद कायद्याच्या पुस्तकात राहिला, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यावर एक तरी सभा घेतली?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. म्हणून लढण्याची वेळ आता आहे. घरी काम करणाऱ्या विडी कामगार स्त्रीचा मातृत्वाचा हक्क, मुदतपूर्व प्रसूतीच्या जादा रजेसह, निःसंदिग्ध शब्दांत लिहिला गेला पाहिजे. असंघटित स्त्रीचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्याला ५००० रुपये ठरविले. दुसऱ्या वेळी ६००० रुपये मिळतात, पण मुलगी झाली तरच. कायदा एक म्हणतो, योजना दुसरे म्हणते, आणि मधल्या रुपयांचा हिशेब कोणी विचारत नाही.

आता थोडे आपल्या घरातले. मालकांना आणि शासनाला जाब विचारणे सोपे असते. पण आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांत मुलींची लग्ने कोणत्या वयात होतात? पाळणा लांबविण्याचा निर्णय कोण घेतो? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे. हे पथ्य पुरुषाने पाळावयाचे आहे. घरात कोंडलेल्या खोलीत विडी ओढणाऱ्या नवऱ्याचा धूर पोटातल्या मुलापर्यंत पोहोचतो. विडी उद्योग वाचला पाहिजे म्हणून आपण मोर्चे काढले, ते पोटाच्या प्रश्नावर काढले आणि योग्यच काढले. पण त्या विडीने कामगार स्त्रीच्या पोटातल्या जिवाचे काय होते, हा प्रश्न आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवला. पर्यायी रोजगाराची मागणी तोंडदेखली न करता नेटाने करणे, हाच यावरचा प्रामाणिक मार्ग आहे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. महाराष्ट्रातल्या आणि सीमाभागातल्या स्त्रियांनीच या बाबतीत जगाला ज्ञान दिले आहे. २०२० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या प्रयोगात नागपूर आणि बेळगावच्या केंद्रांतल्या गरोदर स्त्रिया सहभागी होत्या. पहिलटकरणींना पहिल्या तिमाहीपासून अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा दिल्यावर मुदतपूर्व जन्माचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. हे औषध स्वस्त आहे. पण ते स्वतःच्या मनाने नव्हे, डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे, आणि त्यासाठी तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदणी हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात मुलांची काळजी घेण्याची पद्धत बसविली. तेथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाला आईच्या उघड्या छातीशी तासन् तास धरून ठेवणे, ही कोलंबियात १९७८ साली सुरू झालेली पद्धत आज मोठमोठी रुग्णालये स्वीकारीत आहेत. या उपचाराला यंत्र लागत नाही. लागतो तो आईचा मोकळा वेळ. आणि मोकळा वेळ म्हणजे पगारी रजा. येथे वैद्यकशास्त्र आणि आपली मागणी एकाच वाक्यात येतात.

तेव्हा येत्या वर्षासाठी मी चार कामे सुचवितो. पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतल्या गरोदर स्त्रियांची नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत होते की नाही ते पाहावे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या मोफत तपासणीला त्यांना नेण्याची व्यवस्था करावी. दुसरे, धोक्याच्या खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात: सदतीस आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने पोट कडक होणे, कंबरेत कळा येणे, पाणी जाणे, रक्तस्राव होणे. यांतले काहीही दिसले की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळची वाट पाहू नये. वेळेत पोहोचलेल्या बाईला दिलेल्या इंजेक्शनांनी मुलाची फुप्फुसे तयार होण्यास मदत होते. तिसरे, विडी कारखान्यांपुढे आणि साखर कारखान्यांपुढे मातृत्वाच्या हक्काची मागणी मजुरीच्या मागणीच्या जोडीने ठेवावी, तिच्या खाली नव्हे. चौथे, नवी पेठेतल्या दुकानदारांच्या संघटनेकडे स्टुलांची मागणी घेऊन आपण याच आठवड्यात जावे. लहान मागणी आहे; म्हणूनच ती उद्या मिळू शकते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. परक्या देशातल्या जखमी सैनिकांसाठी ते १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. आपल्याला इतके दूर जावयाचे नाही. पूर्व भागातल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीपर्यंत जायचे आहे, आणि सातवा महिना लागलेल्या बाईला विचारायचे आहे, की आज सूप कितव्या हजाराला आले, आणि शेवटची तपासणी केव्हा झाली. सुरुवातीला ज्या साथींनी शंका विचारली होती, त्यांनी या भेटीला माझ्याबरोबर यावे अशी माझी विनंती आहे.